चंद्रकला, ग्रहणे आणि एक कागदी लिंबू



मराठीच्या प्राध्यापकाने चंद्रावर बोलायचे म्हटले की श्रोते कविता ऐकण्याच्या तयारीने बसतात. आज मी आपली थोडी निराशा करणार आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे. ते या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवीत. त्यांच्या विद्यार्थ्यांतून अभियंते निघाले, डॉक्टर निघाले, आणि माझ्यासारखा भाषेकडे वळलेला एखादाही निघाला. व्याख्यानासाठी विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आला, तेव्हा सरांनी मला शिकवलेली आणि मी फार उशिरा शिकलेली एकच गोष्ट डोळ्यांपुढे आली. चंद्राच्या कला आणि ग्रहणे मुलांना कशी शिकवावीत, ही ती गोष्ट. विषयाचा मी अधिकारी नव्हे. परंतु या विषयात केलेल्या चुकांचा मात्र मला चांगला अनुभव आहे, आणि शिक्षकाच्या दृष्टीने तोही एक अधिकारच मानता येईल.

एक वही आणि तांबड्या शाईचा एक शेरा

आठवीत असताना सरांनी आम्हांला महिनाभर चंद्राची वही ठेवायला सांगितली होती. शुद्ध द्वितीयेपासून आरंभ करायचा आणि रोज चंद्र किती वाजता, कोणत्या दिशेला, कोणत्या आकाराचा दिसला ते लिहायचे. मी पहिले चार दिवस पाहिले आणि पुढचे सारे घरच्या पंचांगावरून उतरवून काढले. आकृत्या सुबक होत्या, अक्षर वळणदार होते. पौर्णिमेच्या रकान्यात मी लिहिले होते, 'आज पूर्णचंद्र अत्यंत मनोहर दिसला.' सरांनी वही परत दिली, तेव्हा त्या ओळीखाली तांबड्या शाईने चारच शब्द होते : 'त्या रात्री पाऊस होता.'

त्यांनी मला वर्गासमोर उभे केले नाही, छडीही उगारली नाही. पण पाहिलेले आणि वाचलेले यांतला भेद मला त्या दिवशी जितका कळला, तितका पुढे पीएच.डी.च्या प्रबंधानेही कळला नाही. दुर्दैवाने तो कळूनही मी वाचणाऱ्यांतच राहिलो. १९७९ साली येथील एका महाविद्यालयात मी नवा व्याख्याता होतो. एका कवितेतील 'कलेकलेने वाढणारा चंद्र' या प्रतिमेचे विवरण करताना मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, पृथ्वीची सावली चंद्रावर कमीअधिक पडते, म्हणून कला दिसतात. मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, काल संध्याकाळी पाच वाजता मी गच्चीवर होते. अर्धा चंद्र डोक्यावर होता आणि सूर्य अजून मावळला नव्हता. मग आपली सावली मध्येच चंद्रावर कशी गेली?"

मजजवळ उत्तर नव्हते. 'पुढच्या तासाला सांगतो' असे म्हणून मी वेळ मारून नेली.

लिंबू

मी सरांच्या घरी गेलो. त्यांनी पंचांग काढले, बोटे मोजली आणि म्हणाले, "येत्या वद्य अष्टमीला सकाळी आठ वाजता ये. येताना एक कागदी लिंबू आण."

ठरलेल्या सकाळी आम्ही त्यांच्या गच्चीवर उभे राहिलो. पूर्वेला ऊन वर आले होते आणि पश्चिमेकडच्या आभाळात फिकट, अर्धा चंद्र होता. सरांनी मला लिंबू दोन बोटांत धरून हात चंद्राच्या दिशेने लांब करायला सांगितले, असा की लिंबू बरोबर चंद्राच्या शेजारी दिसावे. मी पाहिले. लिंबाचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळला होता, उरलेला छायेत होता. आणि चंद्राचाही तोच अर्धा उजळ होता, तेवढाच, त्याच बाजूने. आभाळातला गोल आणि हातातला गोल यांत तसूभर फरक नव्हता.

"आता तुझी पृथ्वीची सावली शोध," सर म्हणाले. सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच पडणार. सूर्य पूर्वेला वर आलेला, म्हणजे पृथ्वीची सावली पश्चिम क्षितिजाच्याही खाली. चंद्र तर अजून आभाळात बराच वर होता. त्या सावलीचा त्याच्याशी संबंध येतोच कुठे?

चंद्रकलांचे सारे रहस्य त्या लिंबात आहे. चंद्र स्वतः प्रकाशत नाही. सूर्याकडे तोंड असलेला त्याचा अर्धा भाग सदैव उजळलेला असतो, अमावास्येलासुद्धा. तो उजळ अर्धा आपल्याला किती दिसतो हे आपण कोणत्या बाजूने पाहतो यावर अवलंबून असते. चंद्र आपल्याभोवती फिरत असल्यामुळे ती पाहण्याची बाजू रोज थोडी बदलते. पृथ्वीच्या सावलीचा कलांशी काडीचाही संबंध नाही. तो येतो केवळ चंद्रग्रहणात.

शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी हा प्रयोग फळ्यावरील आकृतीच्या आधी करावा. वद्य सप्तमी ते दशमीच्या दरम्यान सकाळच्या शाळेत किंवा शुद्ध सप्तमी ते दशमीच्या दरम्यान दुपारी चारनंतर, ऊन असावे आणि चंद्र दिसत असावा, एवढेच पुरे. विद्यार्थ्यामागे एक लिंबू हा खर्च कोणत्याही शाळेला परवडण्याजोगा आहे.

तिथी म्हणजे कोन

आपल्या घरांतील एक मोठे साधन आपण वर्गात क्वचितच वापरतो. ते म्हणजे तिथी. तिथी हा शब्द धार्मिक वाटतो, परंतु त्याची व्याख्या निव्वळ भूमितीची आहे. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोन बारा अंशांनी वाढला की एक तिथी संपते. कोन शून्य असतो ती अमावास्या, एकशे ऐंशी असतो ती पौर्णिमा. अष्टमीच्या मध्यावर तो नव्वद अंश होतो आणि चंद्र अर्धा दिसतो. तीनशे साठ अंशांच्या तीस तिथी चंद्र सरासरी २९.५३ दिवसांत पुऱ्या करतो. त्याचा वेगही सदा सारखा नसतो, म्हणून कधी तिथीचा क्षय होतो तर कधी वृद्धी.

हात लांब करून मूठ धरली तर आकाशात ती सुमारे दहा अंश झाकते आणि एक बोट दीड-दोन अंश. म्हणजे एक तिथी ही एक मूठ आणि एक बोट. शुद्ध पंचमीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्यापासून चंद्रापर्यंत मुठी मोजायला सांगितल्या, की मुलांना पंचांगातला आकडा आभाळात सापडतो. (मोजताना सूर्य मावळल्यावरच मोजावे, सूर्याकडे थेट पाहू देऊ नये.) सरांनी दिलेली आणखी एक खूण अशी : चंद्राची कोर हे धनुष्य समजावे आणि त्याला बाण लावावा, तो बाण नेहमी सूर्याच्या दिशेनेच सुटेल. म्हणूनच संध्याकाळी दिसणारी बीजेची कोर पश्चिमेला असते आणि तिची उजळ बाजू मावळत्या सूर्याकडे असते. संध्याकाळी पूर्वेला कोवळी कोर उगवल्याची वर्णने मी विद्यार्थ्यांच्या कथांतून पुष्कळ वाचली आहेत आणि, खरे सांगायचे तर, पूर्वी त्यांना चांगले गुणही दिले आहेत.

चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. जुन्या भाषेत सांगायचे तर दोन घटका. एवढे एक लक्षात ठेवले की आपल्या सणांचे वेळापत्रक मुलांना स्वतः रचता येते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो, म्हणून कोजागरीचे दूध मध्यरात्री. संकष्टीला, वद्य चतुर्थीला, तो सूर्यास्तानंतर साधारण तीन तासांनी उगवतो, म्हणून आपल्या घरी चंद्रोदयाची वाट पाहत जेवणे खोळंबतात. विनायकीला तसे खोळंबावे लागत नाही. तो चंद्र दिवसाच उगवलेला असतो. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. गोकुळाष्टमीला पाळण्याची दोरी ओढण्याची वेळ आणि चंद्रोदयाची वेळ जवळजवळ एकच का, हे मुलांनी स्वतः शोधून काढले तर त्यांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

माळव्यात वाढलेल्या मराठी मुलांना आणखी एक कोडे रोजच पडते, आणि ते आपण त्यांना सोडवून देत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी भाषिक घरातला पौर्णिमेला. शुक्लपक्षात दोन्ही घरांत महिन्याचे नाव एकच असते, कृष्णपक्षात मात्र शेजारी एक महिना पुढे असतो. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्यातली, त्यांची भाद्रपदातली. आपण अश्विनातली संकष्टी करतो त्याच रात्री त्यांच्याकडे कार्तिकातली करवा चौथ असते. गच्ची एकच, वाट पाहिली जाते तो चंद्रही एकच. लहानपणी शेजारच्या काकूंचे कॅलेंडर चुकीचे आहे असे मला वाटे. मोजणीचा आरंभ कोठून धरायचा एवढाच तो भेद आहे. हे कळले की मुले विज्ञानाबरोबर शेजारधर्मही शिकतात.

दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?

आता ग्रहणांकडे वळू. पौर्णिमेला पृथ्वी सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये येते. तिची सावली चंद्रावर पडली की चंद्रग्रहण. अमावास्येला चंद्र मध्ये येतो. त्याची सावली पृथ्वीवर पडली की सूर्यग्रहण. एवढे सांगून झाले की वर्गातील शहाणे मूल विचारते, मग दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला ग्रहण का होत नाही? असे विचारणारे मूल वर्गात नसेल तर शिक्षकाने स्वतः विचारावे, कारण सारे शिक्षण त्या प्रश्नात आहे.

उत्तर कळत नाही याचे मुख्य कारण पाठ्यपुस्तकातली आकृती. कागदाच्या रुंदीत सूर्य, पृथ्वी आणि चंद्र बसवायचे म्हणून ती तिघांना दाटीवाटीने उभी करते. त्या दाटीत सावली चुकवायला चंद्राला जागाच उरत नाही. यावर सर नारळ घेत. एक सेंटिमीटर म्हणजे एक हजार किलोमीटर असे प्रमाण धरले तर पृथ्वी सुमारे पावणेतेरा सेंटिमीटरची, म्हणजे सोललेल्या मोठ्या नारळाएवढी होते. चंद्र साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे पुन्हा आपले कागदी लिंबू. आता त्यांच्यात अंतर किती ठेवावे असे विचारले, तर बहुतेक मुले, आणि मोठीही, वीतभर अंतर दाखवतात. खरे अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे, म्हणजे या प्रमाणात जवळजवळ पावणेचार मीटरहून थोडे अधिक. नारळाला मध्यावर साडेनऊ वेढे बसतील एवढा दोरा गुंडाळावा, मग सोडवून ताणावा. एका टोकाला नारळ, दुसऱ्या टोकाला लिंबू. सूर्य मात्र वर्गात मावत नाही. तो सुमारे चौदा मीटरचा गोल होतो आणि दीड किलोमीटर दूर ठेवावा लागतो.

चंद्राची फिरण्याची पातळी पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश ऐकायला क्षुल्लक वाटतात. परंतु पावणेचार मीटरवर त्यांचा अर्थ असा होतो की लिंबू नारळाच्या पातळीपासून चौतीस सेंटिमीटर, म्हणजे चांगले दीड वीत, वर किंवा खाली जाऊ शकते. आणि तेवढ्या अंतरावर नारळाच्या गडद सावलीची रुंदी किती? अवघी नऊ सेंटिमीटर, म्हणजे पाच बोटे. सावली पाच बोटांची आणि चुकवायला दीड वीत वर, दीड वीत खाली! मग बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो यात नवल ते काय? नवल वाटावे ते ग्रहण होते याचेच.

चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला दोन ठिकाणी छेदते. आपल्या ज्योतिर्गणितात त्यांना पात म्हणतात आणि त्यांचीच नावे राहू व केतू. पौर्णिमा किंवा अमावास्या या छेदबिंदूंच्या जवळ घडली तरच ग्रहण होते. हे दोन बिंदू सदैव एकमेकांच्या समोरासमोर असतात आणि राशिचक्रातून उलट दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत फेरी पुरी करतात. समुद्रमंथनाच्या कथेत अमृत चोरणाऱ्या असुराचे शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे झाले असे आपण ऐकतो. ती कथा मुलांना अवश्य सांगावी. कथा ही कथा म्हणून सांगावी आणि मग पंचांगातला राहू म्हणजे आकाशात प्रत्यक्ष असलेला गोल नसून गणिताचा एक बिंदू आहे, हेही त्याच तासाला सांगावे.

सूर्य वर्षातून दोनदा या पातांपाशी येतो, म्हणून ग्रहणांचे हंगाम असतात, आणि एका हंगामात बहुधा ग्रहणांची जोडी येते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी भाद्रपद पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण झाले. दोन आठवड्यांनी, २१ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्येला खंडग्रास सूर्यग्रहण झाले, मात्र ते भारतातून दिसले नाही. भाद्रपदापासून सहा पौर्णिमा मोजल्या की फाल्गुनी पौर्णिमेला, ३ मार्च २०२६ ला, पुन्हा खग्रास चंद्रग्रहण येते.

चंद्रग्रहण पृथ्वीच्या ज्या अर्ध्या भागात रात्र असते त्या सगळ्यांना दिसते. खग्रास सूर्यग्रहणाचे तसे नाही. चंद्राची गडद सावली पृथ्वीपर्यंत येता येता इतकी निमुळती होते की आपल्या नारळावर तिचा फार तर अडीच मिलिमीटरचा ठिपका उमटतो. तो ठिपका ज्या पट्ट्यावरून धावतो तेथेच दिवसा रात्र होते. २२ जुलै २००९ च्या सकाळी असा पट्टा सुरत, बडोदे आणि आपल्या इंदूरवरून गेला. माझ्या गच्चीवरून ढगांमुळे सूर्य दिसला नाही, परंतु साडेसहाच्या सुमारास उजाडलेला दिवस पुन्हा मावळला आणि तीनेक मिनिटांनी परत उजाडला, हे मी पाहिले. आपल्या घरी ती आषाढातली दिव्यांची अवस होती. शेजारी श्रावणातली हरियाली अमावास्या होती.

हे ज्ञान परके नाही

असे काही शिकवू लागले की कोणी ना कोणी म्हणतो, हे सारे पाश्चात्त्यांचे, आपली परंपरा निराळी. मला येथे नम्रपणे सांगावेसे वाटते की तसे नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने आणि सूर्यग्रहण चंद्रामुळे होते हे स्वच्छ सांगितले आहे. आपल्या शेजारच्या अवंतीचा वराहमिहिर तर युक्तिवादच करतो. चंद्रग्रहणाचा आरंभ चंद्राच्या पूर्वेकडच्या कडेपासून होतो आणि सूर्यग्रहणाचा सूर्याच्या पश्चिमेकडच्या कडेपासून. चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. तो सावलीत शिरतो तेव्हा त्याची पूर्व कड आधी बुडते, आणि तो सूर्याला झाकतो तेव्हा सूर्याची पश्चिम कड आधी झाकली जाते. एकाच राहूने दोघांना गिळले असते तर असा नेमका फरक का पडावा? 'रघुवंशा'त लोकापवादाने व्यथित झालेला राम, निर्मळ चंद्रावर लोक पृथ्वीच्या छायेचा डाग लादतात असा दृष्टान्त देतो. कालिदासाच्या श्रोत्यांना तो समजत असला पाहिजे.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये 'ग्रहलाघव' रचून ग्रहणाचे गणित सामान्य पंचांगकर्त्याच्या आवाक्यात आणले. एकोणिसाव्या शतकात शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, आणि सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास'ही लिहिला. त्या पुस्तकाचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. विज्ञानाच्या पुस्तकाला याहून प्रसन्न नाव मला माहीत नाही. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उज्जैनला बांधलेली वेधशाळा माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून पुन्हा कामाला लावली. येथून ती दोन तासांच्या आतबाहेर आहे. शाळेची सहल तेथे न्यावी.

आणि शब्द तर पाहा! स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. ग्रहणाच्या पाच अवस्थांना आपल्या भाषेने दिलेली ही नावे. पापणी मिटावी आणि उघडावी तसा चंद्र सावलीत मिटतो आणि उघडतो. मुलांना ही नावे पाठ करायला लावू नयेत. ग्रहण पाहताना, त्या त्या क्षणी, उच्चारावीत.

कवडसा

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवारजवळून हैदराबादच्या बाजूने कोणार्कपर्यंत खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. इंदुरात ते खंडग्रास होते. दुपारी रस्ते ओस पडले. माझी पत्नी त्या वेळी गरोदर होती. आईने तिला सकाळीच माजघरामागच्या खोलीत बसवले, खिडक्या लावल्या आणि सांगितले की काही कापायचे नाही, शिवायचे नाही, पाणीसुद्धा घ्यायचे नाही. लिंबाचा प्रयोग होऊन फार दिवस झाले नव्हते. ग्रहण म्हणजे सावली, आणि बंद खोलीत असो वा बाहेर, सावलीने गर्भाला काहीही होत नाही, हे मला ठाऊक होते. गरोदर बाईला दिवसभर तहानेने ठेवणे हेच काय ते अपायकारक, हेही समजत होते. तरी मी आईपुढे बोललो नाही. बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसलो. अज्ञानाला क्षमा असते. मी केले ते अज्ञानातून केले नव्हते.

त्या वैशाखात आम्हांला मुलगी झाली, धडधाकट. पुढे त्या दिवसाचा विषय घरात कधी निघाला नाही.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आम्ही गच्चीवर होतो. मी, पत्नी, मुलगी आणि आठवीत शिकणारी नात. ढगांचा लपंडाव चालू होता. दहाला तीन मिनिटे असताना स्पर्श झाला. अकराच्या सुमारास संमीलन होऊन चंद्र तांबूस झाला. तो काळा का होत नाही, असे नातीने विचारले. मी सांगितले की पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला थोडा प्रकाश सावलीतही पोचतो. निळा वाटेत विखुरतो, तांबडा पुढे जातो. पृथ्वीवरच्या साऱ्या सूर्योदयांचा आणि सूर्यास्तांचा रंग त्या क्षणी चंद्रावर पडलेला असतो. नात आजीला म्हणाली, "आजी, तू आधी कधी ग्रहण पाहिलं होतंस?"

पत्नी म्हणाली, "पाहिलं होतं की. तुझी आई पोटात होती तेव्हा."

मी चमकून पाहिले. ती सांगू लागली. त्या खोलीच्या पश्चिमेकडच्या खिडकीच्या फळीत एक लहानसे भोक होते. त्यातून रोज दुपारी समोरच्या भिंतीवर रुपयाहून थोडा मोठा, गोल कवडसा पडे. त्या दुपारी ती त्याच्याकडे पाहत बसली होती. कवडसा एका बाजूने खरवडल्यासारखा झाला, मग अर्धा झाला, मग बीजेच्या चंद्रासारखी कोर उरली, आणि पुन्हा हळूहळू भरत गेला. "मी घाबरले होते," ती म्हणाली. "वाटलं, पाहायचं नव्हतं ते पाहिलं. म्हणून कुणाला बोलले नाही. मूल सुखरूप झालं, तेव्हा बरं वाटलं. अहो, तुम्ही बाहेरच बसला होतात. तुम्हांला ठाऊक होतं ना, काही होत नाही म्हणून?"

मी "हो" म्हणालो. याहून अधिक काही म्हणण्याजोगे नव्हते.

सूर्यग्रहण पाहण्याची सर्वांत सुरक्षित रीत कोणती, तर हीच. बारीक छिद्रातून अंधाऱ्या खोलीत आलेला कवडसा हे छिद्राचे चित्र नसते, सूर्याचेच चित्र असते. छिद्रापासून भिंत चार मीटर दूर असेल तर ते साडेतीन-चार सेंटिमीटरचे पडते. झाडाच्या पानांतून पडणारे कवडसेही ग्रहणात कोरीसारखे होतात. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून कधीही पाहू नये. प्रमाणित ग्रहणचष्मा असावा, नाहीतर कवडसा. चंद्रग्रहणाला मात्र काहीच नको. ते लहान मुलांनीही उघड्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. ग्रहणानंतर ज्याला स्नान करावेसे वाटते त्याने करावे, दान द्यावेसे वाटते त्याने जरूर द्यावे. फक्त कोणाला उपाशी-तहानेले कोंडून ठेवू नये, आणि ज्याला कळते त्याने गप्प बसू नये.

ग्रहणे सुमारे अठरा वर्षे आणि अकरा दिवसांच्या चक्राने परत येतात. २२ जुलै २००९ च्या ग्रहणाचे भावंड २ ऑगस्ट २०२७ रोजी येणार आहे. खग्रास स्थिती स्पेन आणि उत्तर आफ्रिकेकडून दिसेल, पश्चिम भारतातून ते दिवस मावळण्यापूर्वी खंडग्रास दिसेल. योगायोग असा की त्या दिवशीही आपल्याकडे दिव्यांची अवसच आहे. शाळेला माझी एवढीच सूचना आहे की त्या दुपारी पश्चिमेकडची एक खोली अंधारी करावी, खिडकीला छिद्र पाडलेला पुठ्ठा लावावा, आणि मुलांबरोबर त्यांच्या आया, आज्या, गल्लीतल्या गरोदर लेकीसुना यांनाही बोलवावे. भिंतीवरच्या कवडशाच्या कडेने मुलांनी दर पाच मिनिटांनी पेन्सिल फिरवावी आणि शेजारी वेळ लिहावी.

आणि त्या दिवशी ढग आले, तर वहीत तसेच लिहावे : 'आज ढग होते, काही दिसले नाही.' सरांनी त्या ओळीला पूर्ण गुण दिले असते.